वाऱ्याला घातलेला मांडव

विधिमंडळाची एक समिती आमच्या माळावर येऊन गेली, त्याला आता बरीच वर्षं लोटली. पण त्या दिवशी आमच्या यंत्रांवर मांडव घालायचा हुकूम नेमका कुणी दिला, हे अजूनपर्यंत एकानंही कबूल केलेलं नाही. विचारावं तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. मांडव जमिनीतून आपोआप उगवला असावा, असाच एकूण सूर असतो. मी मात्र त्याच्याखाली उभी होते आणि पुढं त्याची फळंही मीच खाल्ली, तेव्हा हे सांगायचा पहिला मान माझा.

सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या काठापासून जरा वर, एक उघडा माळ आहे. तिथं एका सरकारी खात्यानं हवामानाचं छोटंसं केंद्र काढलं होतं. एक खोली, आणि तिच्यापुढं तारेच्या कुंपणातली सपाट जागा. त्या जागेत पाऊस मोजायचं भांडं, झडपांची पांढरी पेटी आणि तिच्यात तापमापक, उंच खांबावर वाऱ्याबरोबर गरगर फिरणाऱ्या वाट्या, आणि लाकडी चौकटीवर पाण्याचं एक मोठं पसरट पात्र. त्या पात्राला आम्ही परात म्हणायचो. परातीतलं पाणी रोज उन्हानं किती प्यालं ते मोजायचं, म्हणजे तलावात साठवलेलं पाणी किती उडून जाणार याचा अंदाज लागतो. गावातली माणसं या सगळ्याला मिळून हवेचं हापिस म्हणत आणि मला हवाबाई.

मी तिथं हंगामी निरीक्षक होते. माझ्यावर एक मोठे निरीक्षक होते, निजामी अमलात नोकरीला लागलेले, निवृत्तीला टेकलेले. बोलण्यात निम्मं उर्दू, आणि अंगात काळी शेरवानी, तीही मराठवाड्याच्या उन्हात. त्यांनी मला पहिल्याच दिवशी या कामाचा पहिला नियम शिकवला. यंत्राजवळ काहीही उभं राहता कामा नये. झाड नको, भिंत नको, गोठा नको. ऊन, वारा, पाऊस सगळं मोकळं हवं. एकदा एका गुराख्यानं आमच्या कुंपणावर घोंगडी वाळत घातली, तर या गृहस्थांनी शेरवानीनिशी त्याला नदीपर्यंत पिटाळलं होतं. धापा टाकत परत आले आणि मला म्हणाले, "बाई, आपलं काम गवाही द्यायचं हाय. गवाहाच्या तोंडावर हात ठिवायचा न्हाई." तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. पुढं कळलं की हा बाणा फक्त गुराख्यांसाठी होता.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आधीच्या सालीही तो नुसता तोंड दाखवून गेला होता. नदी आटली, लोक तिच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरू लागले. आणि अशा सालात, हिवाळा सरता सरता, आमचं केंद्र बंद करायचा हुकूम मुंबईहून आला. कारण काटकसर. शिवाय परभणीच्या कृषी विद्यापीठात हवामान मोजतातच, मग इथं आणखी कशाला, असं एक शहाणपण खाली जोडलेलं होतं. परभणीत पडलेला पाऊस सोनपेठात पडत नाही, हे आमच्याकडं शेळ्या राखणारं पोरही सांगेल. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळीच दिसत नाही, तर ढग कुठून दिसणार. आठवडी बाजारात मला बघून लोक हसत. पाऊसच न्हाई तर मोजायलाय काय, हवाबाई, असं विचारत. मी म्हणायचे, नाडी लागत नाही म्हणून डॉक्टरला घरी पाठवता का. यावर ते आणखी हसत.

मला हसू येत नव्हतं. आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. आईनं अक्षर गिरवलं नव्हतं, पण मला तिनं मॅट्रिकपर्यंत रेटलं. ही नोकरी लागली तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली होती. दुष्काळ पडला तशी तीच आई सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या आणि पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी. केंद्र बंद झालं तर मी हंगामी म्हणून सरळ घरी बसणार होते, आणि घरी बसायची सोय आमच्यात नव्हती. म्हणजे दुसऱ्या दिवशी आईच्या शेजारी खडीवर. मला ती खडी नको होती. शिकून सवरून पुन्हा त्याच दगडापाशी यायची मला भीती वाटत होती, रात्रीची झोप उडावी इतकी. हे सांगायला मला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही.

एवढ्यात वर्तमानपत्रात बातमी आली. विधानसभेत कुणी तरी प्रश्न विचारला होता की ऐन दुष्काळात सरकार हवामानाची केंद्रं का बंद करायलंय. त्यावर गोंधळ झाला, आणि समिती नेमली गेली. समिती प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणार, आणि बंद करणं योग्य की अयोग्य ते सांगणार. विधिमंडळ म्हणजे सरकारचा कान धरायची जागा, असं मी नागरिकशास्त्रात शिकले होते आणि त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "कान धरनारा आन् कानवाला एकाच ताटात जेवत असतील तर?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. मॅट्रिकचा माज असतो तो असा.

समिती येणार म्हटल्यावर आमच्या माळावर, जिथं एरवी कुत्रं फिरकत नसे, तिथं जीपगाड्यांची रांग लागली. कारभार हाती घेतला तो खात्याच्या उपअभियंत्यानं. हा मनुष्य पुण्याकडचा, मराठवाड्यात बदली झाली म्हणजे शिक्षा झाली असं मानणारा. केंद्राच्या कामाशी त्याचा तोवर एवढाच संबंध आला होता की तो आमची पगारबिलं परत पाठवत असे. त्याला एकच काळजी, साहेबलोकांना ऊन लागेल. आमच्याकडं पाहुणा म्हटला की मांडव आलाच. लग्न असो, मयताचा तेरावा असो की मंत्री असो, डोक्यावर कापड नसेल तर मान राखला गेला नाही असं होतं. ही रीत वाईट नाही. पण मांडव घालायचा कुठं, तर माळावरची सपाट, खडे वेचलेली, कुंपण घातलेली जागा एकच होती. ती आमच्या यंत्रांची.

मानवतहून मांडववाले आले. बांबू, कनाती, झालरी, सतरंज्या, कागदी पताका. त्यांना मधला खांब लागत होता आणि तो फुकटात उभा होता. वाऱ्याच्या वाट्या ज्या खांबावर फिरत त्यालाच त्यांनी मांडवाचा मधला खांब केला. कापड वाट्यांच्याही वरून ताणून खांबाच्या शेंड्याला बांधलं, आणि वाट्या फिरल्या की पताकांच्या दोऱ्या गुंडाळल्या जातात म्हणून एक सुतळी वाट्यांनाही मारली. पावसाचं भांडं सतरंजीच्या कडेला आलं. तापमापकांच्या पेटीला वारा लागू नये अशी कनात नेमकी तिच्या पाठीमागं ठोकली, कारण पेटीशेजारीच भज्यांची कढई तापणार होती आणि चुलीला वारा नको होता. परातीवर पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून तारेची जाळी असते. ती काढून ठेवली आणि पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. गुलाब परभणीहून आणले होते. गावात जनावरांना कडबा नव्हता.

मी मोठ्या निरीक्षकांकडं गेले. म्हटलं, हे काय चाललंय, यंत्रं तपासायला येणाऱ्या माणसांना आपण यंत्रं बांधून दाखवणार का. ते शेरवानीची बटणं लावत होते. त्यांना त्या दिवशी समितीच्या हातून निरोपाचा नारळ मिळणार होता. म्हणाले, हुकूम हाय बाई, आपून काय करनार. मग मी उपअभियंत्याकडं गेले. त्यानं माझं ऐकून घेतलं, हे खरं. मग अगदी समजूत काढल्यासारखं म्हणाला, "बाई, तुमच्या यंत्रानं एक दिवस वारा मोजला नाही तर वारा काही बंद पडत नाही." आणि मांडववाल्यांना झालर नीट लावायला सांगायला निघून गेला.

समिती उन्हं चढल्यावर आली. आधी मानवतला सत्कार होता, त्यामुळं उशीर. गळ्यातले हार तसेच. अध्यक्ष जाडजूड, हसतमुख, बोलायला गोड. सोबत चारदोन आमदार आणि लिहून घेणारा एक सचिव. सगळे मांडवात शिरले आणि गार लागतंय हो इथं, असं समाधानानं म्हणाले. लागणारच. चहूबाजूंनी ऊन अडवायला आमच्या खात्याचा एक दिवसाचा सगळा पराक्रम खर्ची पडला होता. सरबत झालं, भाषण झालं, मोठ्या निरीक्षकांना नारळ मिळाला. मग भजी आली. पेटीतला पारा भज्यांच्या बाजूनं चढत होता. त्या दिवशीचं आमच्या केंद्राचं कमाल तापमान हे कढईचं होतं.

खाऊन झाल्यावर एक आमदार उठले. सोनपेठच्याच बाजूचे, मोठ्या घराण्यातले, पांढरेशुभ्र. हात तेलकट झाले होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पाकळ्या तरंगणारी परात दिसली, आणि तिच्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घालून त्यांनी स्वच्छ धुतले. चूळही भरली. ते पाणी मी झिऱ्यावरून कळशीनं वाहून आणलेलं होतं. ज्या गावात माझ्या आईनं विहिरीपासून लांब घागर ठेवून, कुणी वरून वाढेल तेव्हा पाणी घेतलं, त्याच गावात मी भरलेल्या पाण्यात हा खानदानी माणूस हात खंगाळत होता. तेलकट हातांना जात आठवत नाही, हे मला तेव्हा कळलं.

हात पुसता पुसता त्यांना शंका आली. हे पाणी इथं कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. उपअभियंता माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मोठे निरीक्षक नारळाकडं. मी सांगितलं की ऊन रोज किती पाणी पितं ते मोजतो आम्ही, त्यासाठी पात्र भरून उघडं ठेवावं लागतं. झालं. त्यांचा चेहरा असा बदलला की जणू मी चोरीच कबूल केली होती. दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नाही आणि सरकारी पैशानं इथं पाणी उन्हात वाळवायला ठेवतात, असं ते मोठ्यानं म्हणाले. सचिवानं लिहून घेतलं. गावातल्या बायाही मला हेच विचारत आल्या होत्या, उन्हाला पाजायलीस व्हय, आमाला पाज की. पण त्यांच्या घागरी रिकाम्या होत्या, त्यांचा राग मला पटायचा. याचे हात अजून ओले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

मग अध्यक्ष वर बघत खांबापाशी आले. ते वर काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, असं उपअभियंता म्हणाला. इतकं तरी त्याला ठाऊक होतं. मग ते फिरत का नाही, असा अध्यक्षांचा पुढचा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. त्या सबंध दिवसात विचारला गेलेला तो एकच रास्त प्रश्न. उपअभियंत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू सुतळी मीच बांधली होती, आणि म्हणाला, जुनं झालंय साहेब, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवतो. समितीतले लोक एकमेकांकडं बघून मान डोलावू लागले. यंत्र बंद, पाणी वाया, आणि वर हे लोक केंद्र चालू ठेवा म्हणतात.

माझ्या डोळ्यांपुढं आईची बोटं आली. मी होते तिथून पुढं झाले. म्हटलं, "सायेब, यंत्र बंद न्हाई. वारं भाईर उभं हाय. तुमी कनात सोडवा आन् ती सुतळी काढायला लावा, तुमच्या देखत फिरतंय का न्हाई बघा."

 अध्यक्ष हसले, आणि सगळे हसले. बाई हुशार आहे, असं अध्यक्ष म्हणाले. अशा बायका पुढं यायला पाहिजेत, असंही म्हणाले. कनात कुणी सोडवली नाही. सोडवली असती तर ऊन आत आलं असतं, आणि समितीला अजून चहा घ्यायचा होता.

गोष्टीत अशा वेळी वावटळ येते, मांडव उडवून नेते, हारवाले झालरीत गुरफटतात आणि वाट्या गरगर फिरू लागतात. मी वाट पाहिली, खोटं कशाला सांगू. वाऱ्यानंही त्या दिवशी सरकारी शिस्त पाळली. पताकासुद्धा नीट हलल्या नाहीत. समिती चहा पिऊन, तोंड पुसून, परभणीला विश्रामगृहावर जेवायला गेली.

जे सरकार गळकं छप्पर दुरुस्त करायला वर्षं लावतं, त्यानं समितीचा अहवाल मात्र महिन्याच्या आत मानला. अहवालात काय होतं ते उपअभियंत्यानं मला फार आनंदानं सांगितलं. समितीनं केंद्राची समक्ष पाहणी केली होती, यंत्रं नादुरुस्त आढळली होती, दुष्काळात पाण्याचा अपव्यय चालला होता, आणि म्हणून बंद करायचा निर्णय योग्यच होता. गंमत अशी की समिती आलीच नसती तर तो हुकूम कुठल्या तरी कपाटात पडून राहिला असता, जसे इतर शंभर पडून असतात. कान धरायला आलेल्यांनी कान गोंजारला आणि मान आमची पिरगाळली. पेटी, भांडं, वाट्या सगळं काढून बैलगाडीनं नेलं. परात कुणी तरी जनावरांना पाणी पाजायला नेली असं ऐकलं. त्यात जनावरांचं भलं झालं असेल तर मला वाईट वाटत नाही.

मोठे निरीक्षक नारळ घेऊन परभणीला मुलाकडं गेले. जाताना मला म्हणाले, बाई, खुदा सब देखता है. मी म्हटलं, तो बघत असेल, पण लिहून कोण घेणार. 

दुसऱ्या दिवसापासून मी खडीवर गेले. आईनं तिच्या शेजारी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि बोटांना बांधायला चिंध्याही आणल्या होत्या. तिनं मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं. पहिल्या दिवशी मला दगड फुटेनाच, हातोडी निसटून अंगठ्यावर बसली. बाया हसल्या, हवाबाई आली म्हणाल्या, आणि मग एकीनं दगड कसा आडवा धरायचा ते दाखवलं.

मे महिना लागला तेव्हा दुष्काळी कामांची पाहणी करायला दुसरी एक समिती आली. समिती दुसरी, अध्यक्ष तेच. आमच्याकडं नजर ठेवणाऱ्यांची कधी टंचाई पडली नाही, एवढं दुष्काळाचं नशीब. जीप आमच्या खडीपाशी थांबली. अध्यक्ष उतरले, शिपायानं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. ऊन असं होतं की हातातल्या हातोडीचं लोखंड चटका देत होतं. अध्यक्षांनी बायांकडं पाहिलं, त्यांना खरोखरच कळवळा आला असावा. त्यांनी सोबतच्या अधिकाऱ्याला विचारलं, पारा किती असेल हो आज. अधिकाऱ्यानं अंदाजानं एक आकडा सांगितला, दुसऱ्यानं त्याहून मोठा सांगितला. अध्यक्ष म्हणाले, अंदाज नको, मला सभागृहात सांगायचंय की आमच्या माताभगिनी किती उन्हात राबतात, नक्की आकडा पाहिजे.

दोघे अधिकारी आपापल्या वह्या चाळू लागले. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "ते सांगायचं हापिस हितून कोसभर होतं, सायेब. तुमी बघून गेलात, मंग ते बंद झालं."

अध्यक्षांनी माझ्याकडं नीट पाहिलं. त्यांनी मला ओळखलं नाही. पापण्यांवर भुकटी होती, कोण ओळखणार. ते गोड हसले आणि अधिकाऱ्याकडं वळून म्हणाले, "बरोबर बोलते आहे बाई. असं एखादं केंद्र इथं काढायला काय हरकत आहे?" अधिकाऱ्यानं होय साहेब म्हटलं आणि लिहून घेतलं. मग शिपायानं छत्री मिटली आणि जीप पुढच्या खडीकडं निघून गेली.

मी तशीच उभी होते. आईनं माझ्या लुगड्याचा काठ ओढला आणि काय म्हणाला तो, म्हणून विचारलं. मी सांगितलं, हवेचं हापिस काढा म्हणाला. आई हसली नाही, रागावलीही नाही. मुकादम हजेरी घेत, रिकाम्या हातांची मजुरी कापत आमच्याच दिशेनं येत होता, म्हणून तिनं आपल्या ढिगातला एक मोठा दगड माझ्या पुढ्यात सरकवला.